डोंगरी कोंबडी

पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्या पायांना पाच-पाच, एकूण अठरा. बोटांमध्ये पडदा एकाही ठिकाणी नाही. वजन अठ्ठावन्न तोळे, खालच्या मजल्यावरच्या तात्यांच्या किराणा-तराजूवर.

हा बेडूक माझ्या थोरल्या भावाने, श्यामकांतने, वेस्ट इंडीजमधल्या डॉमिनिका बेटावरून जहाजातून आणला. ओलं गोणपाट घातलेल्या खोक्यात, झुरळं खात तो मजेत आला होता.

"तिकडे याला डोंगरी कोंबडी म्हणतात," दादा म्हणाला.

"मग कालवणच करू की," आई म्हणाली.

जानेवारी छप्पन. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवरून गोळीबार झालेला, गिरगावात संचारबंदी, कॉलेज बंद. ते उघडेपर्यंत बेडूक जगला, तर आमचे प्राणिशास्त्राचे सर तो अभ्यासाला माझ्याच ताब्यात देणार होते. मेला, तर फॉर्मेलिनच्या बरणीत.

आम्ही त्याला घंगाळात गळाभर पाण्यात ठेवलं. बेडकाला आणखी काय लागतं? पण तो काठाला पुढचे पाय टेकून लटकू लागला. झुरळाकडे बघेना. आईने सोललेली कोळंबी टाकली; ती तळाशी गेली.

तात्यांनी पुन्हा तोलला. चोपन्न.

"श्यामू, तुझा माल घटतोय रे!"

मी बोटं पुन्हा न्याहाळली. "दादा, हे सापडतात कुठे?"

"डोंगरात, रानात. दिवसा बिळात बसतात. अंडीसुद्धा बिळातच घालतात म्हणे, फेसात."

"पाण्यात नाही?"

"नदीत मी एकही पाहिला नाही."

"मग घंगाळात घालताना बोलला का नाहीस?"

"बी. एस्सी. तू झालीस की मी?"

गॅलरीत अर्ध्या पिंपात आईचा अळू होता.

"त्याला हात लावायचा नाही," आईने आधीच बजावलं.

बेडकाचा एक पाय काठावरून निसटला. त्याने तो पुन्हा टेकला. आई बघत राहिली.

"उपट. पण शिमग्यापर्यंत वड्या मागायच्या नाहीत. दोघांनीही."

निम्मा अळू काढून मी ओल्या मातीत एक कौल तिरकं रोवलं. बेडूक मागच्या मागे सरकत त्याखाली गेला. दिवेलागणीला कौलाच्या तोंडाशी दोन डोळे दिसले. दादाने झुरळ सोडलं. ते थोडं चाललं आणि नाहीसं झालं.

"गिळलं गं!" आई ओरडली. "आणखी आण, आणखी!"

सकाळी त्याचं अंग पुसून तराजूत ठेवला. सव्वापंचावन्न तोळे.