अर्ध्यावर थांबलेला धवला

वडप्याला रुचिकाची हळद दुपारी लागायची होती, आणि बायजाबाई अकरा वाजल्यापासूनच ठेवणीतलं लुगडं नेसून दापोड्याच्या गोदामात, नातीच्या ऑफिसात येऊन बसली होती. नात मनाली तिथं गाड्यांच्या नोंदी करायची. तिच्या कॉम्प्युटरला काळी हार्ड डिस्क जोडलेली होती. तीच लग्नघरी न्यायची होती.

त्या डिस्कमध्ये धोंडूबाई होती. बायजाबाईची थोरली जाऊ, रुचिकाची सख्खी आजी आणि चाळीस वर्षं आसपासच्या गावांची धवलारीण. मांडवात तिनं धवले गाऊन देवांना बोलावलं की मगच हळद लागायची. मागे झील धरायला बायजाबाई. धोंडूबाई गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मनालीनं दोघींना ओटीवर बसवून सत्तावीस धवले फोनवर भरून घेतले. फोन पुढे बिघडला. राहिले ते या डिस्कमधलेच. बायजाबाईला एकटीनं गायचं म्हटलं की पहिल्याच ओळीला आवाज फाटायचा. रुचिकाला आजीचा धवला मिळायचा तर तो या डबीतूनच.

आणि डबी सुटत नव्हती.

"आता काय म्हनतंय ते?" बायजाबाईनं विचारलं.

"तेच. डिस्क वापरात आहे, आत्ता काढू नका."

"कोन वापरतंय? तू तर हात बांधून बसलीस."

"तेच कळत नाही गं आजी! सगळं बंद केलं मी."

"मंग दे हिसका."

"आणि आतलं बिघडलं म्हणजे? हिरामणकाकांनी असाच पेन ड्राइव्ह उपसला, प्रितेशदादाच्या लग्नाचे सगळे फोटो गेले."

"बरं झालं. त्या फोटोत हिरामण नाचत व्हता." बायजाबाई हसली, पण हात मात्र तिनं मागे घेतला. "कॉम्प्युटरच बंद कर मंग."

"बाहेर अकरा गाड्या खोळंबल्यात. बंद केला तर शेठ मलाच ट्रकात भरून पाठवतील!"

बाहेर, वडप्याला न्यायला आलेल्या प्रितमनं जीपचा हॉर्न वाजवला. बायजाबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. जिथं आता ट्रक उलटे लागत होते तिथं पूर्वी भाताची खाचरं होती. आवणीला, भाताची रोपं लावताना, दोघी जावा शेजारीशेजारी वाकायच्या. धोंडूबाई चिखलातच गाणं सुरू करायची, आणि ते संपेपर्यंत कुणाला पाठ सरळ करू द्यायची नाही.

"मने," ती एकदम म्हणाली, "काल काय करत व्हतीस यावर?"

"धवला ऐकत होते, देवांच्या बोलावण्याचा. मधेच गाडी आली म्हणून थांबवला."

"थांबवला? अर्धा?"

मनालीनं डोळे मोठे केले. पडद्याच्या कोपऱ्यातल्या बारक्या बाणावर तिनं बोट दाबलं. गाणी वाजवायचा प्रोग्राम तिथं दडून बसला होता, धवला अजून धरून. "सापडला! हाच सोडत नव्हता डिस्कला. थांब, बंद करते."

"हात लावू नको!" बायजाबाई ओरडली. "देवांना अर्ध्या वाटेवर बोलावून ठेवलंस कालपासून. आधी पुरा होऊ दे."

"आजी, प्रितमदादा हॉर्न..."

"वाजू दे त्याला बी. ताल धरंल."

मनालीनं आवाज मोठा केला. धोंडूबाईचा खणखणीत सूर पत्र्याच्या छताला जाऊन भिडला, आणि कडवं संपताच तीच आतून खेकसली, "बायजे, चाय मंग पी! आधी तोंड उघड!"

बायजाबाईनं तोंड उघडलं. चार वर्षांपूर्वीचा तिचाच आवाज डिस्कमधून आला आणि आत्ताचा त्यात जाऊन मिसळला. फाटला नाही. जाऊ पुढे असली की तो कधीच फाटला नव्हता. नोंदीचे कागद घेऊन आलेले दोन ड्रायव्हर दारातच टोप्या काढून उभे राहिले. प्रितमचा हॉर्नही थांबला.

सहा मिनिटांनी सगळे देव मांडवात पोचले. मनालीनं प्रोग्राम बंद केला, डिस्क सोडवायचं बटण पुन्हा दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: आता डिस्क काढता येईल. डिस्कवरचा दिवा विझला. तिनं हलकेच वायर सोडवली आणि डिस्क आजीच्या ओंजळीत ठेवली.

"अम्मा, एक और सुनाओ," एक ड्रायव्हर म्हणाला.

"वडपे में आओ," बायजाबाई म्हणाली आणि डिस्क पदरात गुंडाळून जीपकडे निघाली. "हम दोनो गायेंगे."