आत्तीची खूण

“काका, तुमच्या हॉटेलातला टॉवेल कुणी पिशवीत घालून नेला, तर तुम्हाला कळतं का?”

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणींनी, अर्फा आणि सन्मतीनं, शाळेच्या ग्रुपवर पैज लावली होती, की ब्राह्मी, म्हणजे मी, साताऱ्याला पाहुण्यांच्या लग्नात जिथं उतरलेय त्या हॉटेलच्या काउंटरवर जाऊन हे विचारूच शकत नाही. विचारायचं आणि वर व्हिडिओ पाठवायचा. मागच्या वर्षीची ब्राह्मी असती तर गपचूप फोन बंद करून बसली असती. मागच्या वर्षीपर्यंत तासगावात वाण्याकडून सुट्टे मागायलासुद्धा मी आईला पुढं करायचे. पण जानेवारीत सांगलीला वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि घशातलं बूच जे उडालं, ते परत सापडलंच नाही. पप्पा म्हणतात, “आधी ही बोलत न्हाई म्हणून डॉक्टर शोधत हुतो, आता गप बसायचा डॉक्टर शोधतोय.”

तर मी विचारलं. काउंटरवरचे कृष्णातकाका चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले.

“मला कळायच्या आधी बयाबाईला कळतंय,” ते म्हणाले. “वरच्या मजल्यावरच्या खोल्या तिच्याकडं. काय गेलं की मालक तिलाच धरत्यात. का गं? नेणार हायस व्हय टॉवेल?”

मी इतकी हसले की फोन हलला. तेवढ्यात खांद्यावर कुणीतरी टकटक केलं. मागं गुणमाला आत्ती उभी होती.

आत्ती म्हणजे पप्पांची थोरली बहीण. पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी. लग्नाच्या दिवशी पहाटेच मंदिरात जाऊन तिनं मौनाचा नियम घेतला होता, कारण दुपारी लग्नातूनच ती मंदिरातल्या बायकांबरोबर टेम्पोनं साधना शिबिराला निघणार होती. आठ दिवस बोलायचं नाही, मोबाईल बंद. लग्नात मौन! सगळ्या मावश्यांनी तिला गाठून गाठून आपापली गाऱ्हाणी ऐकवली. उलट उत्तर येत नाही म्हटल्यावर कोण सोडतंय.

आत्तीनं गळ्याला हात लावला. मग पिशवीवर थोपटलं. मग मांडवाकडं, आईच्या दिशेनं बोट केलं.

मला लगेच कळलं. म्हणजे मला वाटलं, लगेच कळलं. आत्ती बाहेरचं पाणी पीत नाही, गाळून उकळलेलं पाणी स्वतःबरोबर ठेवते, आणि कुठंही निघाली की आई हजार वेळा विचारते, “वन्सं, पाणी घेतलंय न्हवं?” घसा, पिशवी, आई. सरळ होतं. “हो हो, सांगते आईला,” मी म्हटलं आणि परत फोनकडं वळले. आत्तीनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि ती बाहेर हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोकडं गेली.

आईला मी काही सांगितलं नाही. पाण्याचं काय सांगायचं?

पाठवणी झाली, नवरीसकट सगळे रडून मोकळे झाले, आणि आई साडी बदलायला वर गेली. दोनच मिनिटांत जिन्यावरून तिची हाक आली. ती हाक मी आधी कधी ऐकली नव्हती.

आईची सोन्याची मोहनमाळ जागेवर नव्हती. जेवायच्या आधी उकडतंय म्हणून तिनं ती गळ्यातून काढून उशीखाली ठेवली होती. आईला तिच्या आईनं दिलेली माळ. गादी उचलली, बॅगा उलट्या केल्या, पप्पांनी तर बाथरूमची बादलीसुद्धा पालथी घातली. दाराला कुलूप होतं तसंच होतं. किल्ली आईच्या पर्समध्ये. दुसरी किल्ली फक्त बयाबाईकडं.

खाली काउंटरपुढं सगळं वऱ्हाड गोळा झालं. मामा, मावश्या, नवरीचे चुलते. बयाबाईला बोलावलं. ती पदर खोचून, ओल्या हातांनीच आली. पन्नाशीची असेल. सकाळीच गप्पा मारता मारता तिनं माझ्या केसांतला गजरा नीट लावून दिला होता.

“मी न्हाई घेतली, बाई,” ती आईकडं बघून म्हणाली. “त्या पांढऱ्या पातळातल्या बाई आल्त्या. पिशवी ऱ्हायली हुती त्यांची. दार उघड म्हनल्या, मी उघडलं. आत गेल्या आन लगी भायेर आल्या. मी कुलूप घातलं.”

“आक्का?” पप्पा म्हणाले. “आक्का तर जेवून थेट टेम्पोत बसली.”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आणि मी पुढं झाले.

कुणी सांगितलं नव्हतं मला. पण पायच पुढं गेले, सांगलीत नाव पुकारल्यावर गेले होते तसे.

“बयाबाई, त्या नक्की काय म्हणाल्या? शब्द सांगा.”

“दार उघड, म्हनल्या.”

“तोंडानं म्हणाल्या?”

“व्हय की.”

“आमच्या आत्तीचं आज पहाटेपासून मौन आहे,” मी म्हटलं. आवाज असा खणखणीत लागला होता की काउंटरमागचे कृष्णातकाकासुद्धा उभे राहिले. “ती सख्ख्या भावाशी बोलली नाही. नवरीला आशीर्वाद दिला तोसुद्धा नुसता हातानं. आणि तुमच्याशी तेवढी बोलली?”



बयाबाई गडबडली. “न्हाई, म्हंजे... हातानं म्हनल्या वो.” आणि ती करून दाखवायला लागली. आधी किल्ली फिरवल्यासारखं केलं. मग गळ्याला हात लावला. मग काखेपाशी, पिशवीच नसताना, थोपटलं. “आसं. जाताना आसं केल्या.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले.

आता इथं मला जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. मला तेव्हा आठवलं होतं. अर्धा क्षणच, पण आठवलं होतं. गळ्याला हात, पिशवीवर थाप. माझ्या गालावरून फिरलेला हात. आतून कुणीतरी म्हणालं, ब्राह्मी, थांब. पण पुढचं वाक्य तोंडात तयार होतं आणि ते लय भारी वाक्य होतं.

“बयाबाई, खोटं बोलायलासुद्धा आधी नीट चौकशी करावी लागते!”

टाळ्या पडल्या. खरंच टाळ्या पडल्या. मामांनी पाठीवर थाप मारली, “जयपाल, वकील झाली की रं तुझी पोरगी!” पप्पांचा चेहरा माळ गेलेल्या माणसाचा वाटतच नव्हता.

मालक आला. पप्पा म्हणाले, लग्नघर आहे, पोलीस नकोत. मालकानं मग बयाबाईची पिशवी काउंटरवर ओतायला लावली. एक रिकामा डबा, कंगवा, आणि कागदात गुंडाळलेला बुंदीचा लाडू.

“ह्यो कुठला?” मालकानं विचारलं.

“मीच दिला सकाळी,” आई हळूच म्हणाली.

बयाबाईनं लाडू परत कागदात बांधला. कुणाकडंच बघितलं नाही.

परतताना गाडी पलूसला पोचायच्या आत माझ्या त्या वाक्याचा व्हिडिओ पाहुण्यांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला होता. मामेभावानं काढला होता, वर ‘ब्राह्मी वकीलसाहेब’ असं लिहून. तिकडून माझ्या शाळेच्या ग्रुपवर आला. टॉवेलच्या व्हिडिओला कुणी विचारेना. मी हा वकिलीचा व्हिडिओ किती वेळा बघितला ते सांगत नाही. दर वेळी माझं वाक्य झालं की बंद करायचे.

अर्फानं मात्र शेवटपर्यंत बघितला. दुसऱ्या दिवशी जादा तासाला जाताना म्हणाली, “भारी बोललीस गं. पण ती बाई हातानं काय करत होती?”

“नाटक.”

“बरं,” ती म्हणाली आणि सायकलचं पॅडल मारून पुढं गेली. अर्फा ‘बरं’ म्हणाली की समजायचं, तिला पटलेलं नाही.

आत्तीला विचारावं असं कुणालाच वाटलं नाही, असंही नाही. आई एकदा म्हणाली होती, “शिबिराच्या हापिसात फोन लावून वन्संना निरोप देऊया का?” तर पप्पा भडकलेच. “आक्काला काय म्हणून विचारायचं? माळ तू नेलीस का? तिला काय वाटंल? आळ घेतल्यागत व्हईल.” आईनं लगेच कानाला हात लावला. मी तिथंच बसून बेदाणे खात होते. आत्तीला नुसतं विचारणं म्हणजे आळ, आणि बयाबाईची पिशवी सगळ्यांपुढं ओतली तो काही आळ नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. आता ते डोक्यातून जात नाही.

आठ दिवसांनी आत्ती आली. मौन सुटलेलं, त्यामुळं फाटकापासूनच आईला हाका मारत आली. “जय जिनेंद्र! आवं, घरात कोन हाय का न्हाई? काय ऊन हाय बाई! प्रियदर्शनी, आधी पाणी दे, आन मग तुझं सोनं घे.”

तिनं पिशवीतून जपमाळ काढली, पाण्याची बाटली काढली, आणि तळातून रुमालात गुंडाळलेली मोहनमाळ काढून टेबलावर ठेवली.

पप्पांनी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. 

“अशी उशीखाली टाकून जातीस व्हय?” आत्ती आईला म्हणाली. “पिशवी घ्यायला गेले तर माळ अर्धी भायेर लोंबत हुती. त्या खोलीवाल्या बाईनं दार उघडून दिलं, गुणाची हाय बिचारी. तिलाबी खुणेनं सांगितलं, माळ मी घेतलीया म्हणून. आन ब्राह्मीला सांगितलं की. न्हाई का गं? आसं केलं न्हवतं?”

आणि तिनं गळ्याला हात लावला. मग पिशवीवर थोपटलं. हुबेहूब. बयाबाईनं करून दाखवलं होतं, अगदी तसंच.

मी खोलीत पळाले. फोन काढला, व्हिडिओ लावला, आणि पहिल्यांदा माझं वाक्य संपल्यावरही बंद केला नाही. टाळ्यांच्या आवाजात बयाबाई अजून खूण करतच होती. हसतायत सगळे, आणि ती आपली गळ्याला हात, काखेत थाप, गळ्याला हात, काखेत थाप. तिला वाटत होतं, नीट केलं तर कळेल. आणि ती माझ्याकडंच बघत होती. आमच्या सगळ्यांत तिनं मलाच निवडलं होतं, कारण सकाळी मी तिच्याशी गप्पा मारल्या होत्या.

मी हॉटेलला फोन लावला. कृष्णातकाकांनी आवाज ओळखला. “कोण, टॉवेलवाली?”

“काका, माळ सापडली. आत्तीकडंच होती. बयाबाई खरं बोलत होत्या. त्यांना द्या ना फोन.”



“तिला मालकानं दुसऱ्याच दिवशी घरी बसिवलं, पोरी. स्टँडमागच्या लॉजवर इचारायला गेल्ती. तर त्यांच्याकडं तुझा व्हिडिओ आधीच पोचल्याला. ‘हीच का ती,’ म्हनले.” मग म्हणाले, “सापडली ते बरं झालं. सांगतो मी मालकाला.”

“मालक परत घेतील त्यांना?”

“नवी बाई आलीया आता,” ते म्हणाले.

बाहेर आले तर पप्पा आणि आई स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते. आत्ती ओट्यापाशी पाणी गाळत होती.

“झालं ते झालं,” पप्पा म्हणत होते. “आपण पोलिसात तर न्हाई गेलो. मामांच्या कानावर घातलं तर लग्नातला इषय परत निघंल, पोरीचं हसं व्हईल. एवढ्या टाळ्या घेतल्या तिनं.”

“मी बी ती माळ आता वर्षभर घालत न्हाई,” आई म्हणाली. “म्हंजे कुणी इचारायचं न्हाई.”

ते मला वाचवत होते. खरं सांगू, तेव्हा एकदा वाटलंसुद्धा, वाचवू देत. सुट्टी संपली की दहावी. लोक विसरतील. मी तर मोठ्यांच्या मध्ये बोललेली एक पोरगी. पण आमच्या खोलीच्या कुलपाचं आणि बयाबाईच्या किल्लीचं कुणी बघितलंच नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं ते माझं बोलणं. माळ नेली आत्तीनं, पण बयाबाईचं काम घालवलं ते त्या एका भारी वाक्यानं.

“पप्पा,” मी म्हटलं. सांगलीतला आवाज शोधला, तो आलाच नाही. फाटका, मागच्या वर्षीचाच आवाज आला. त्यातच बोलले. “मी उद्या साताऱ्याला जाणार. हॉटेलवर फोन करून मी आत्ता सांगितलंय, पण तेवढ्यानं भागणार नाही. बयाबाईंच्या घरी जाणार, त्यांच्या पाया पडणार. मग त्यांना घेऊन मालकापुढं, आणि स्टँडमागच्या लॉजवर. तिथं उभी राहून सगळं बोलणार, आणि त्याचा व्हिडिओ मी त्याच सगळ्या ग्रुपांवर टाकणार. मामांच्या पण. हसू देत.”

“ब्राह्मी,” आई म्हणाली.

“मी येतीया पोरीबरोबर,” आत्ती गाळणं पिळत म्हणाली. “खूण माझी हुती.”

 टेबलावरची माळ अजून रुमालातच होती. मी ती उचलली आणि आईच्या हातात दिली.

“गाडी काढायची तर काढा, नाहीतर सकाळची कराडवरून जाणारी एसटी आहे, मी आणि आत्ती जातो. पण आई, तू आलीस तर ही गळ्यात घालून ये. पदराखाली नको. सगळ्यांना दिसली पाहिजे.”