सुंदराचं दूध

केंदूरच्या सर्जेरावांनी आपली दोन वर्षांची सुंदरा शिरूरच्या दवाखान्यात आणली, तेव्हा तिचं वजन सहा किलोही नव्हतं. पाय सुजलेले, केस तांबूस, कातडी सोललेली. पोर रडत नव्हती, याचीच नर्स अंजनाला जास्त भीती वाटली. बरोबर आजी होती, दगडाबाई. आई तान्ह्या मुलाला घेऊन घरी राहिली होती.

डॉक्टरांनी दूध, साखर आणि तेलाचं मिश्रण दर दोन तासांनी चमच्यानं पाजायला सांगितलं. पाचव्या दिवशी वजन अर्धा किलोनं उतरलं. सूज ओसरली की असं होतं, हे अंजनानं समजावलं, पण सर्जेरावांना पटेना. पहिल्याच दिवशी त्यांनी तिचं आडनाव विचारून घेतलं होतं. आता ते म्हणाले, "दूध पोरीच्या पोटात जातंय का दुसऱ्याच कुणाच्या?"

संशय अंजनालाही होता. आजीच्या हातातली वाटी फार लवकर रिकामी व्हायची. ती एवढंच म्हणाली, "आज दिवसभर इथं बसा आणि बघा."

ते बसले. दुपारी दगडाबाईंनी दोन चमचे पाजले आणि उरलेलं खिडकीतून ओतलं.

"आई, हे काय?"

"तेवढंच घेती ती. घरी बी तेवढंच."

सर्जेरावांनी दुसरी वाटी मागून घेतली. चमचा टेकताच पोरीनं तोंड उघडलं. अर्धा तास लागला, पण वाटी संपली. त्यांनी रिकामी वाटी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "दोन पोरींवर ही तिसरी. घरात ती जेवली का, हे मी कवा इचारलंच न्हाई."

त्यांनी आईला एसटीत बसवून दिलं आणि बायकोला बोलावून घेतलं. पंधराव्या दिवशी सुंदरा दुधासाठी भोकाड पसरून रडली. अंजना व्हरांड्यात थांबून ते ऐकत राहिली.

घरी सोडताना तिनं बजावलं, दर शनिवारी वजनाला आणायचं. तीन शनिवार आणलं, चौथा चुकला. सोमवारी अंजना केंदूरच्या गाडीत बसली.

सर्जेरावांची बायको मळ्यात खुरपायला गेली होती. अंगणात सुंदरा वरणात कुस्करलेली भाकरी स्वतःच्या हातानं खात होती. अंजनानं तिला उचललं आणि हातानंच वजनाचा अंदाज घेतला. चांगली जड लागली.

दारातून दगडाबाई म्हणाल्या, "अजून भरवसा न्हाई व्हय आमचा?"

"नाही," अंजना म्हणाली, आणि पोरीचं ताट संपेपर्यंत तिथंच बसली.