खडक लागला

“हे बघ, इथं,” म्हणत प्रोफेसर लुडलोंनी सार्डिनच्या तेलाने माखलेला काटा नकाशावर टेकवला. तेलाचा थेंब नेमका गावच्या कबरस्तानावर पडला आणि हळूहळू पसरत गेला. “खणण्याजोगी सगळी चांगली जमीन या पट्ट्याखाली आहे. तेवीस वर्षं आपण नुसते काठाकाठानं खरवडत बसलोय.”

“तिथं गावकऱ्यांच्या कबरी आहेत,” हेस्टर ब्रॅम्ली म्हणाली.

“परवानगीचा कागद आणलाय मी. जुनी, वापरात नसलेली दफनभूमी, असं स्वच्छ लिहिलंय त्यात.”

“गेल्याच महिन्यात तिथं एका बाईला पुरलं. आपल्या दारावरून गेली मयत. तुम्ही खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या होत्या. बायकांच्या रडण्यानं तुमचं लिहिणं मोडत होतं.”

“मग तेवढी एक सोड आणि बाकीच्या काढ.” त्यांनी उरलेला मासा शेपटीकडून धरून तोंडात सोडला आणि बोटे एकेक करून चाटली. “१९११ साली काढल्याच होत्या की. तेव्हा तुला काही वाटलं नाही. आणि त्या खड्ड्यांवरच तर तुझं पुस्तक उभं आहे, हेस्टर. विसरलीस?”

ती विसरली नव्हती. समोरच्या थाळीतले अन्न तिने बाजूला सारले.

इंग्लंडातल्या लिंकन गावच्या एका पाद्र्याची ही धाकटी मुलगी चोविसाव्या वर्षी इजिप्तमधल्या या नज्अ हमदान गावी आली, ती लुडलोंच्या उत्खननावर बिनपगारी मदतनीस म्हणून. तिच्याजवळ पदवी नव्हती. होते ते सुवाच्य अक्षर आणि न कंटाळणारी नजर. फुटक्या खापरांचे ढीग ती मांडी घालून निवडत बसे. आधीचे मडके कोणते, नंतरचे कोणते, हे काठाच्या वळणावरून ओळखायला ती शिकली. राजे आणि पिरॅमिड होण्यापूर्वी या नदीकाठी राहिलेल्या माणसांची कालगणना तिने मडक्यांवरून लावली. तिच्या पुस्तकाने तिला विद्यापीठात नोकरी मिळाली, आणि गावात नाव मिळाले: मडकीवाली बाई. दर हिवाळ्याला ती येई आणि उन्हे तापली की जाई. आता तिला सत्तेचाळीस वर्षे झाली होती. लुडलो व्याख्यानांतून नेहमी सांगत, “मिस ब्रॅम्लीनं नोंदवहीत लिहिलं, म्हणजे ते तसंच असतं. मी स्वतः जाऊन बघायचं सोडून दिलंय.” ते खरेच होते. पंधरा वर्षांत ते खड्ड्यात उतरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते लक्सरला गेले. उत्खननाला पैसा पुरवणाऱ्या मंडळींची बोट तिथे लागायची होती. “दहा दिवसांनी पाहुणे घेऊन येतो,” निघताना त्यांनी बजावले. “आधी कबरींच्या मधल्या जागेत तीन खड्डे घेऊन बघ. खाली काही लागलं तर सगळा पट्टा साफ करायला घे.”

ते गेल्यावर तिने कपाटातून १९११ची नोंदवही काढली. आपले अक्षर तिने लगेच ओळखले.

‘वरचा थर: अलीकडची एकतीस प्रेते. निरुपयोगी. टाकून दिली. मोजमापासाठी अकरा कवट्या लंडनला.’ खाली एकेकाची ओळ होती. ‘क्रमांक सतरा: स्त्री. केसांची वेणी, लाल दोरा. निळे काचमणी, बाजारी. टाकून दिले.’

टाकून दिले. पानभर तेच, एका मापाचे, एकाही ठिकाणी शाई न फुटलेले. ते अक्षर पाहून कधीकाळी लुडलोंनी तिची पाठ थोपटली होती. तिला स्वतःच्या अक्षराची किळस आली. एखाद्या परक्याचा वापरलेला रुमाल चुकून हाती यावा, तशी तिने वही टेबलावर टाकली.

मुकादम दियाब ओसरीवर चहाचा पेला घेऊन बसला होता. चाळिशी ओलांडलेला, रुंद हाडाचा हा माणूस तिच्यासोबत पहिल्या हिवाळ्यापासून होता. टोपल्या वाहता वाहता मुकादम झाला होता.

“दियाब, अकरा साली वरच्या कबरी काढल्या, तेव्हा तू होतास ना?”

“होतो की.”

“त्यातलं कुणी तुमच्या घरातलं होतं?”

त्याने पेल्यात फुंकर मारली. चहा केव्हाच निवला होता.

“बाई, तेवीस वर्षांनी विचारताय?”

“विचारतेय.”

“लाल दोऱ्याची वेणी होती एक. आठवते?”

“आठवते,” ती म्हणाली.

“माझी आत्या. बाळंतपणात गेली. तो दोरा माझ्या आईनं बांधला होता. तुम्ही नाकाला रुमाल लावून वरून बघितलंत, वहीत काहीतरी लिहिलंत आणि म्हणालात, ‘हे उचला.’ टोपली माझ्याच डोक्यावर होती.”

“आणि तू… तू काही बोलला नाहीस?”

“टोपलीवाल्याला कोण विचारतं, बाई? गावच्या म्हाताऱ्या शेखनं विचारलं होतं तुमच्या साहेबाला. साहेब म्हणाला, मेलेल्यांना काय कळतंय. मग सगळा ढीग ओहळात लोटला. मी शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी गेलो आणि जमेल तेवढं वाळूनं झाकलं. कुणाचं काय, ते कुठं कळत होतं? कुत्री आधीच येऊन गेली होती.”

हेस्टर ओसरीच्या पायरीवर बसली.

“आता एक मी विचारू?” दियाब म्हणाला. “ती डोकी कुठायत?”

“लंडनला. बिस्किटांच्या डब्यांतून पाठवली होती. तळघरात फळीवर आहेत.”

“काय करतात त्यांचं?”

“मोजतात.”

“मोजून काय होतं?”

परिषदांमधून याच विषयावर तिने दोन-दोन तास ऐकले होते, मान डोलावली होती. आता त्यातले एकही वाक्य त्या ओसरीवर उच्चारण्याजोगे नव्हते.

“काही नाही होत,” ती म्हणाली.

दियाबने उरलेला चहा मातीत ओतला. “आता यंदा माझ्या आईची पाळी. डाव्या बाजूची तिसरी कबर. बोलवा मला टोपली घेऊन.”

तरीही खड्डे घ्यावे लागलेच. लुडलोंचा स्वयंपाकी सगळ्या बातम्या त्यांना पोचवत असे. खड्डे दिसले नसते तर त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवले असते. तिने दियाब आणि त्याच्या दोन भावांना घेतले. एकाही कबरीला धक्का न लावता, दोन कबरींच्या मधल्या बोळकांडीत तिघांनी जपून कुदळ चालवली.

पहिल्या दोन खड्ड्यांत वाळू निघाली. तिसऱ्यात कमरेएवढ्या खोलीवर कुदळीचा आवाज बदलला. हेस्टर स्वतः आत उतरली आणि ब्रशने माती झाडू लागली.

आत एक माणूस होता. गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर, चटईत निजलेला, सहा हजार वर्षांपूर्वीचा. डोक्याशी लाल मडके होते, त्यावर पांढऱ्या रेघांची नक्षी. पायांशी पिवळसर मडके होते, त्यावर वल्हवत्या नावा रंगवलेल्या. दोन्ही एकाच खड्ड्यात, एकाच हाताने ठेवलेली.

तिच्या कालगणनेतला हाच एक दुवा लंगडा होता. पहिल्या जातीची मडकी सरता सरता दुसरीची सुरू झाली, दोन्ही काही काळ एकत्र नांदली, हे तिने अंदाजाने लिहिले होते. जर्मनीतल्या एका पंडिताने त्यावरून तिची जाहीर टर उडवली होती: बाईंनी घरची भांडी लावावीत तशी ही लावली आहेत. तेवीस वर्षे ती या एका खड्ड्याच्या मागे होती.

“काय लागलं बाई?” वरून दियाबने विचारले.

तिने मान वर केली. दियाबच्या मागेच डाव्या बाजूची तिसरी कबर होती. तिच्यावर कुणीतरी ताजी खजुरीची फांदी खोचली होती. हा खड्डा वहीत गेला की ती कबर जाणार, तिच्या शेजारची जाणार, सगळीच जाणार. बोटीतून पाहुणे येतील आणि ओहळाच्या काठी उभे राहून सँडविच खातील.

आणि तरीही तिला ते मडके हवे होते. ओहळाची गोष्ट ऐकून पाच दिवसही उलटले नव्हते, आणि तिची बोटे नावांच्या चित्रावरून फिरत होती, हावऱ्यासारखी. लुडलोंच्या चाटलेल्या बोटांत आणि आपल्या बोटांत काही फरक आहे का, असे तिच्या मनात आले. तिने हात मागे घेतला.

“दियाब, टेकडीवरून खडकाच्या कपच्या आणता येतील? आठ-दहा टोपल्या?”

“कशाला?”

“इथं खडक लागला म्हणून.”

दियाबने दोघा भावांना हाक मारली. तिने चित्र काढले नाही, फोटो घेतला नाही. माणसाच्या अंगावर चटईचा तुकडा नीट ओढून घेतला, वर वाळू पसरली आणि तिच्यावर तिघांनी कपच्यांचा थर दाबून बसवला. संध्याकाळी तिने वहीत लिहिले, ‘तीन चाचणी खड्डे. तिसऱ्यात कमरेएवढ्या खोलीवर खडक. खाली काही नाही.’ तिच्या हातून वहीत उतरलेले हे पहिले खोटे. अक्षर मात्र नेहमीसारखेच आले, सुवाच्य, आणि त्याचाही तिला तिटकारा आला.

लुडलो परतले ते चार पाहुण्यांसह. त्यांनी वही वाचली, कबरस्तानाच्या कडेला उभे राहून छडीने लांबूनच कपच्या टोकरल्या आणि रुमालाने मान पुसली.

“खडक!” पाहुण्यांकडे वळून ते हसले. “मिस ब्रॅम्लीला तेवीस वर्षांनी खडक सापडला. बायकांची चिकाटी म्हणतात ती ही.”

पाहुणे हसले. त्यांच्यातल्या एका बाईने उन्हाची छत्री सावरत विचारले, “मग एखादी जुनी कवटी तरी मिळेल का हो, घरी न्यायला?”

“नाही,” हेस्टर म्हणाली. आवाज इतका कोरडा होता की ती बाई एक पाऊल मागे सरली.

जेवणानंतर लुडलोंनी तिला एकटीला बोलावले. “हे ठिकाण आता बंद. पुढच्या वर्षी मी दक्षिणेला नवी जागा घेतोय. कामाला तरुण माणूस नेमलाय. तुझी नजर गेली, हेस्टर. पूर्वी तुला जमिनीचा वास यायचा.”

“यायचा खरा.”

“तू लंडनच्या तळघरातली यादी कर. कवट्यांचीसुद्धा नीट यादी नाही अजून.”

“करते,” ती म्हणाली. “कोणती कुठून उचलली, तेही लिहिते. गावाच्या नावासकट.”

त्यांनी खांदे उडवले आणि पाइप पेटवला.

सामान बांधून होईपर्यंत बकरी ईद आली. निघायच्या दिवशी सकाळी ती गाढवावरून स्टेशनकडे चालली होती. दियाब पुढे होता, लगाम हाती धरून. वाट कबरस्तानाला लागून जात होती. सणाच्या रिवाजाप्रमाणे गावातल्या बायका आपापल्या माणसांच्या कबरींपाशी बसल्या होत्या, मेलेल्यांच्या नावाने रोट्या आणि खजूर वाटत होत्या. पोरे कबरींमधून धावत होती.

एक म्हातारी उठून वाटेवर आली. तिला मडकीवाली बाई कोण, काय, याच्याशी कर्तव्य नव्हते; वाटेने जाणाऱ्याला रिकामे सोडायचे नाही, एवढेच तिला ठाऊक. तिने एक गोड रोटी हेस्टरच्या पुढे धरली.

“घे गं बाई. आमच्या मेलेल्यांवर दया होवो म्हण आणि खा.”

हेस्टरने दियाबकडे पाहिले. तो समोर पाहत होता, गाढवाच्या कानांकडे.

ती खाली उतरली. तिने रोटी दोन्ही हातांत घेतली. म्हातारीने सांगितले ते शब्द तिच्या तोंडून फुटेनात. पहिल्या प्रयत्नाला नुसता श्वास आला. दुसऱ्यांदा ती ते म्हणाली. मग तिथेच धुळीत उभी राहून तिने रोटीचा पहिला घास तोडला. म्हातारी जागची हलली नाही, आणि दियाबही नाही. हेस्टर दुसरा घास तोडत होती.