सरिताचं वय

“अठरा लिखा ना गुरुजी. तुमाले काय जातं?”

सरिताच्या बापानं, बारकूनं, हे तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा नारायण गुरुजींनी पेन खाली ठेवलं. मतदाराचं वय एकवीसवरून अठरावर आलं, त्या वर्षीचा हा वैशाख. उन्हातान्हात सिल्वासातल्या चाळी पालथ्या घालून गुरुजी नवी नावं टिपून घेत होते, आणि ते मनापासून. ज्या वयात पोरांच्या खांद्यावर संसार टाकता, त्या वयात मत द्यायला काय हरकत, असं ते शाळेत सगळ्यांशी वाद घालून सांगत.

“बारकू, सरिता माझ्याच वर्गात नववीला आहे. सोळा वर्षांची पोर. तिला अठराची कशी करू?”

“सरकारी कागदावर एकदा अठरा आलं म्हंजे आमाले बरं पडेल.”

“वय काय आंब्यासारखं अढीत घालून पिकवायचं असतं?”

दारामागे सरिता खुदकन हसली. तिची आई पुतळाबाई मात्र हसली नाही. “ऱ्हाऊ द्या. गुरुजी नाई लिखणार,” म्हणत तिनं चहाचा कप पुढं केला.

त्या संध्याकाळी राममंदिरात कीर्तन होतं. बुवांनी हरिश्चंद्राचं आख्यान लावलं होतं. सत्यासाठी राजानं राज्य सोडलं, तिथं झांजा थांबल्या आणि गुरुजींचे डोळे भरून आले. आज आपणही तसूभर ढळलो नाही, या समाधानात त्यांनी बुक्का लावून घेतला. बारकूला सोळाची पोर अठराची कशाला करून हवी होती, हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं. देवासमोर बसूनही तो प्रश्न त्यांना शिवला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. हजेरीत सरिताचं नाव पुकारलं, उत्तर आलं नाही. मागून रोशनी म्हणाली, “गुरुजी, तिचं लग्न झालं. इथंच जवळ, रांध्याला दिली.”

गुरुजी तसेच बारकूच्या दारात जाऊन उभे राहिले.

“अरे, मी तुला वय सांगितलं होतं ना?”

“तुमी मताचं सांगितलं.” बारकू पाळीवरून नुकताच आला होता, त्याचे डोळे तारवटलेले होते. “मी रात्री फॅक्टरीत, तिची आई दिवसा. चाळीत सगळे एकटे गडी. पोरीले कोणाच्या भरवशावर ठेवू? कागद असता तं पोलिसाची भीती नसती. नव्हता, तं गावाकडे नेऊन उरकलं.”

गुरुजी दारातल्या पायरीवर बसले. वैशाखातच हे ऐकलं असतं, तर प्रमिलानं, त्यांच्या बायकोनं, पोरीला दिवसभर आनंदानं ठेवून घेतलं असतं. प्रमिलाला तरी मूलबाळ कुठं होतं?

नोव्हेंबरात मतदान झालं. शाळेतच केंद्र होतं, रांध्याची मतंही तिथंच, आणि यादी नारायण गुरुजींपुढे. बायकांची रांग सरकता सरकता एक हिरवी साडी समोर आली. गळ्यात काळी पोत, कपाळभर कुंकू. मागे सासू सरुबाई.

“सरिता वसंत...” तिनं आडनाव सांगितलं.

गुरुजींचं बोट यादीवरून उगाचच खाली गेलं, पुन्हा वर आलं. “नाव नाही, बाळ.”

“असं कसं नाई?” सरुबाई कडाडली. “दोन वक्ताच्या भाकरी थापते, पाणी भरते. मले सोयरिकीत अठराची सांगितली. घर चालवाले चालते अन् शिक्का माराले चालत नाई?”

शेजारी बसलेले रघुनाथ मास्तर हसले. “मावशी, अठरा पुरे व्हावे लागतात. माझं ऐकलं असतं, तर एकवीसच ठेवले असते.”

“आत्या, चला,” सरिता हळूच म्हणाली. “गुरुजींना माझं वय ठाऊक आहे. ते खरं तेच लिहितात.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता, तर गुरुजींना सोसला असता.

सरुबाईचं मत व्हायचं होतं. सरिता बाजूला झाली, व्हरांड्यात आली. केंद्रासाठी वर्गातली बाकं बाहेर काढून ठेवली होती. तिनं त्यातलं एक पदरानं पुसलं आणि बसली. साऱ्या बाकावर ती एकटीच होती, तरी कडेला सरकून बसली. शेजारी एका मुलीपुरती जागा ठेवून.