खिशात होतं ते

गल्लीतले लोक तिला तोंडावर मावशी म्हणत आणि तिची पाठ फिरली की मुकादमीण. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. चाळीस वर्षं तिनं लॉन्ड्री चालवली. नवरा गेला तेव्हा मुलगा एवढासा होता, तरी दुकानाचं शटर खाली राहिलं नाही. असल्या बाईवर आता हाताची घडी घालून बसायची वेळ आली होती, आणि बसणं काही तिच्या अंगाला मानवत नव्हतं.

मुलानं शेण खाल्लं होतं. हॉटेलांच्या चादरी पोचवायला तो गाडी घेऊन जायचा, त्यातल्याच एका हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईत अडकला. सहा आठवड्यांपूर्वी त्याच्या मोबाइलवरून सुनेला कळलं. प्रकरण त्याच दिवशी मिटलं म्हणे. मिटलं असेल, पण तेव्हापासून घरात जेवताना फक्त चमच्यांचा आवाज यायचा.

सुनेनं आदळआपट केली नाही, तेच जड गेलं. तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "मला समोर तिसरा माणूस हवाय. शिकलेला, ह्यातलं कळणारा, आपल्याला बोलतं करणारा. शनिवारपर्यंत शोध. नाही तर ताईच्या दवाखान्यात कामाची जागा आहे, ती मी घेते आणि पोरीला घेऊन जाते. आणि हे बघ, तुझ्या आईनं ह्यात पडायचं नाही."

शेवटचं वाक्य मुकादमिणीनं प्रेसच्या मशीनमागून ऐकलं. वाफ थांबली की त्या दुकानात टाचणी पडली तरी ऐकू यायची.

सोमवार गेला, मंगळवार गेला. मुलगा एका दारापर्यंत गेला आणि पाटी वाचून माघारी आला. दुसऱ्या ठिकाणी आत शिरला, तर खुर्चीत बसलेला माणूस आपलंच गिऱ्हाईक.

"त्याच्या पायजम्याचं इलॅस्टिक आपण बदलून दिलंय, आई. त्याच्यासमोर मी काय बोलू?"

"त्यानं तुला पायजमा दाखवला, आणि तू त्याला तोंड दाखवायला लाजतोस?"

"तू मध्ये पडू नको ना."

"मध्ये कुठं? कडेला उभी आहे मी. आणि कडेनं एवढंच दिसतंय की शनिवारी तू दारात हात चोळत उभा राहणार."

बुधवारी सकाळी तिनं चांगले बूट घातले, "दात दाखवायला जाते," म्हणाली आणि निघाली. माणूस आपण आधी पारखायचा, मग नाव मुलाच्या हातावर ठेवायचं. ह्याला काही मध्ये पडणं म्हणत नाहीत, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं. लोकरीचा कोट आला तरी ती आधी आतली शिवण ओली करून रंग जातो का बघायची. इथं तर सून आणि नात जायची पाळी आली होती.

पहिल्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रांच्या इतक्या चौकटी टांगलेल्या की भिंतीचा रंग कुठला ते कळेना. वीस मिनिटं तो स्वतःच बोलला. त्याची कॉलर आतून पिवळी होती. स्वतःच्या मानेकडे ज्याचं लक्ष नाही, तो दुसऱ्याच्या संसारात काय बघणार? ती उठली.

दुसरी फार गोड होती. "कसं आहे मावशी, पुरुषाचा पाय घसरतो कधीकधी. बाईनं थोडं समजून घेतलं की घर राहतं."

हेच वाक्य मुकादमिणीनं स्वतः सुनेला दोनदा ऐकवलं होतं. पण परक्या तोंडून ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"घसरतो? अहो, चार महिने घसरत होता तो! एवढा लांब उतार असतो का कुठं?"

म्हणून गेली खरी, पण जिना उतरताना तिच्या ध्यानात आलं की आकडा तोंडातून निसटला. मुलानं सुनेला सांगितलं होतं, एकच महिना. चार हा आकडा घरात फक्त दोघांना ठाऊक होता.

तिसरी खोली चपलांच्या दुकानावर होती. बाई चाळिशीतली, साधा शर्ट, इस्त्री घरची पण नीट. तीन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी, भिंतीवर एक घड्याळ.

"कशासाठी आलात?" बाईनं विचारलं आणि गप्प बसली.

गप्प म्हणजे अगदी गप्प. मुकादमिणीला असल्या माणसाची सवय नव्हती. काउंटरवर गिऱ्हाईक गप्प उभं राहिलं की त्याच्या मनात डागाची तक्रार असते, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत आपणच बोलून टाकावं, ही तिची धंद्यातली सवय. ती बोलत सुटली. मुलगा, सून, हॉटेल, शनिवार. आणि बोलता बोलता खिशावर आली.

"आमच्याकडे नियम आहे. कपडा मशीनमध्ये जायच्या आधी खिसे उलटे करायचे. निघेल ते कागदी पाकिटात घालायचं, कपड्याचा नंबर टाचायचा आणि ज्याचा कपडा त्याच्याच हातात द्यायचं. बायकोच्या नाही, आईच्या नाही. विचारायचं नाही, बोलायचं नाही. मी तोंड उघडलं असतं ना, तर अर्ध्या गल्लीचे संसार उठले असते."

"आणि?"

"आणि एक दिवस माझ्याच मुलाच्या पँटीतून कानातलं निघालं. हिरव्या खड्याचं. एकच." तिनं पर्सचा बंद दोन बोटांवर गुंडाळला. "माझ्या सुनेचे कान रिकामे असतात. प्रेसच्या वाफेत धातू तापतो, चटका बसतो. बारा वर्षांत तिनं कानात काही घातलेलं नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पाकिटात घातलं. टाचणी लावली. त्याला दिलं. म्हटलं, खिशात होतं. तो बरं म्हणाला. संपलं." तिनं बंद पुन्हा सोडला. "संपलं कसलं! त्यानंतर चार महिने त्याच्या पँटी मी माझ्या हातानं धुतल्या. तिच्या हाताला काही लागू नये म्हणून."

घड्याळ बघितलं तर पाऊण तास होऊन गेला होता. तिनं चटकन पाठ ताठ केली. "तुम्ही बऱ्या आहात. शिकलेल्या असून ऐकता. उद्याच दोघांना पाठवते."

"मला त्यांना घेता येणार नाही."

"का? जागा नाही?"

"जागा आहे. पण तुमच्या सुनेला जे माहीत नाही, ते आता मला माहीत आहे. ती विश्वासानं इथं बसेल आणि मी ते पोटात ठेवून तिच्याशी बोलायचं? घरात तिच्याशी तेच झालं ना?"

"मग सांगून टाका तिला. मी नाही म्हणत नाही."

"पाकीट तुमचं आहे, मावशी. मी ते दुसऱ्याच्या हातात कसं देऊ?"

आपलाच नियम कुणी आपल्याच तोंडावर घडी घालून ठेवावा, असं तिच्यासोबत आजवर झालं नव्हतं. तिला रागही धड येईना. त्या बाईनं एका चिठ्ठीवर दुसऱ्या माणसाचं नाव आणि पत्ता लिहिला. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता त्याच्याकडे जागा होती, ती फोनवर विचारून घेतली.

"चांगला आहे. पण पहिल्याच दिवशी तो विचारेल, हे कधीपासून? मुलगा खरं बोलला तर तुमचं नाव निघेल. खोटं बोलला तर जाऊन उपयोग नाही."

बसमध्ये तिला बसवेना. दोन थांबे आधीच उतरून ती चालत घरी आली.

गुरुवारभर ती चिठ्ठी तिच्या एप्रनच्या खिशात होती. ती काढायची, बघायची, परत ठेवायची. मुलाच्या हातात गुपचूप दिली असती तर काम झालं असतं. तो खोटं बोलला असता, नक्की बोलला असता. आईवरच गेला होता ह्या बाबतीत. सून थांबली असती. हिशेब सरळ होता, तरी तिनं एकाच शर्टाची कॉलर तीनदा घासली आणि एका बाईच्या ब्लाउजची बटणं दुसरीच्या पिशवीत घातली.

शुक्रवारी दुपारी हॉटेलच्या चादरी निघाल्या. एवढी मोठी चादर एकटीनं घडी होत नाही. दोघींनी दोन दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक द्यायचं, पुन्हा मागं जायचं. बारा वर्षं दोघी हे न बोलता करत होत्या. घरात भांडण असलं तरी चादर काही थांबत नसे.

"दात दाखवायला गेले नव्हते मी," मुकादमीण म्हणाली.

"ते दिसतंच आहे. कालपासून नुसते दात खाताय."

"तुमच्यासाठी माणूस बघायला गेले होते."

सुनेनं चादर ताणली, जरा जास्तच. "मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस. ऐकून घे आधी, मग काय तोडायचंय ते तोड." आणि मग तिनं लांबण लावली नाही. "मला ठाऊक होतं. तुझ्या आधी चार महिने. त्याच्या खिशातून कानातलं निघालं, मी पाकिटात घालून त्यालाच दिलं."

"चार महिने?" सून म्हणाली. "तो एक म्हणाला होता."

तिच्या हातातली दोन्ही टोकं सुटली. धुतलेली चादर त्या फरशीला कधी लागली नव्हती. आता अर्धी फरशीवर होती आणि अर्धी सासूच्या मुठीत.

"आपला नियम आहे ना अगं..."

"नंबर कितीचा टाचलात?"

"काय?"

"पाकिटावर. नंबर किती घातलात?"

"घरच्या कपड्यांना कुठं नंबर असतो?"

"नसतो. मग नियम कुठून आला? मी गिऱ्हाईक होते का, आई?"

"नव्हतीस," मुकादमीण म्हणाली. "तू निघून जाशील म्हणून भ्याले."

"जायचं की नाही ते मी ठरवलं असतं. चार महिने आधी ठरवलं असतं."

सासूनं एप्रनमधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सुनेनं वाचली. "हे नाव कुणी दिलं?"

"एका बाईनं. तीच बरी होती. तिला मीच तुमच्या कामातून घालवली."

"मग तिच्याकडे तुम्ही जा. जे बोलायचं ते तिथं बोला. माझ्याशी आज नको." सून चिठ्ठी घेऊन मागच्या खोलीत गेली. फरशीवरची चादर मुकादमिणीनं पुन्हा मशीनमध्ये टाकली.

शनिवारी सुनेनं बहिणीला फोन केला. ड्रायर लावला आणि त्याच्याशेजारी उभी राहून बोलली. ड्रायरमध्ये एकही कपडा नव्हता. मुकादमिणीला काही ऐकू आलं नाही, आणि आत जाऊन विचारायची हिंमतही झाली नाही. संध्याकाळी पोरीची बॅग बाहेर आली नाही, एवढंच दिसलं.

रविवारी सुनेनं घरचे सगळे कपडे काउंटरवर आणले आणि प्रत्येक ढिगाला चिठ्ठी टाचली. नवऱ्याचा एक नंबर, पोरीचा एक, तिचा स्वतःचा एक, सासूचा एक. "आता नियम लागू," ती म्हणाली.

गुरुवारी दोघं गेली. तो पुढं, ती दहा पावलं मागं. आली तेव्हा त्याचे कान लाल होते आणि तिचे डोळे सुजलेले. मुकादमिणीनं त्या दिवशी हँगरचा अख्खा दांडा विनाकारण पुन्हा लावला.

सोमवारी सुनेच्या ढिगातल्या शर्टाच्या खिशातून एक कार्ड निघालं. मुकादमिणीनं ते पाकिटात घातलं, नंबर टाचला आणि प्रेसपाशी जाऊन सुनेच्याच हातात दिलं.

"खिशात होतं."

सुनेनं पाकीट उघडलं नाही. "वाचलंत?"

"वाचलं."

सुनेनं पाकीट एप्रनमध्ये टाकलं आणि प्रेसचं पेडल दाबलं. कार्डावर येत्या गुरुवारची वेळ होती, पाचची. त्याखालच्या, पुढच्या वेळा लिहायच्या ओळी रिकाम्या होत्या.