केसांची बाटली

फोन काही वाजेना. माझी कात्री दुसऱ्यांदा घसरली तशा खुर्चीतल्या कोस्कीबाई ओरडल्या, "इर्या, कान तेवढे शाबूत ठेव गं बाई! आणि जाताना केसांच्या गोळ्यांची बाटली दे, संपलीये माझी."

मी हं म्हटलं. बाटल्या अजून फळीवरच होत्या, आठवडा झाला तरी.

माझी धाकटी बहीण हेल्मी इथे हॅनकॉकमध्येच शाळेची बस चालवते. तिची थायरॉइडची ग्रंथी सुस्त, म्हणून रोज पहाटे गोळी. रक्तात टीएसएच बघतात. ग्रंथी आळसावली की मेंदू तिला हाका मारतो, आणि हाका वाढल्या की हा आकडा चढतो. गोळी जास्त झाली की उतरतो. सप्टेंबरात आकडा तळाला गेला, डॉक्टरांनी गोळी कमी केली. नोव्हेंबरात परत तळाला, परत कमी. पण हेल्मी सुजली, घरात कोट घालून बसायची, केस मूठमूठ गळायचे. मी शहाणी! माझ्या सलूनमधली केसांची गोळी ती उन्हाळ्यापासून घेतच होती; म्हटलं, एक कशाला, दोन घे.

मग शाळेच्या दारात उभ्या बसमध्ये तिला डुलकी लागली. मुलांनी हलवून उठवलं. बसची किल्ली काढून घेतली तिच्याकडून.

गेल्या आठवड्यात नव्या नर्सने विचारलं, "आणखी काय घेतेस?"

"काही नाही."

"केसांचं, नखांचं?"

"ते होय? ते काय औषध आहे? बहिणीच्या सलूनमधलं आहे."

नर्सने कपाळावर हात मारला. त्यातल्या बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाने तपासणीचं मशीन फसतं, आकडा खोटाच खाली येतो. बंद कर, मग परत रक्त दे, म्हणाली. आज त्याचाच आकडा कळणार होता.

फोन वाजला.

"एक्केचाळीस," हेल्मी म्हणाली. चारच्या आत हवा होता. "गोळी वाढवलीये. दीड-दोन महिन्यांनी परत रक्त, मग बसचं बघू म्हणतात."

"हेल्मी, माझंच चुकलं गं."

"रडू नकोस. शनिवारी केस कापायला येते. उरलेत तेवढे."

कोस्कीबाई आरशातून बघत होत्या. "बाटली बांधलीस का गं?"

मी कात्री ठेवली. "नाही. आणि आधीच्या किती खाल्ल्यात, ते डॉक्टरांना सांगा."

"का? तूच तर म्हणालीस, काही होत नाही."

"हो," मी म्हटलं. "मीच म्हणाले."